हाताला गुण

माझ्या हाताला गुण आहे असं अख्खं सोनगीर म्हणायचं, आणि मी कधी नाही म्हटलं नाही. का म्हणावं? बावीस वर्षं लोकांची अंगं चोळली मी. बाळंतिणी चोळल्या, त्यांची लेकरं चोळली. मान धरलेले, पाय मुरगळलेले, कंबरेत उसण भरलेले बाप्ये खाटेवर घालून आणायचे, ते आपल्या पायांनी घरी जायचे. त्यात मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी आले. अशा माणसाची टाच पाठीला लागली की उसण निघते म्हणतात, म्हणून सहा वर्षांची असल्यापासून मी गावाच्या पाठी तुडवतेय. टाचेवरून पुढे हातावर आले, इतकंच.

तोंड मात्र माझं वाईट. कण्हणाऱ्याला मी सरळ म्हणायची, "ओरडतोस काय मेल्या, बाळंत होतोयस का?" लोक हसायचे, पण यायचे. झुंबरबाई शिव्या देते आणि बरं करते, असं बाहेरगावच्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

नवरा माझ्या अगदी उलट. गुलाब धुळ्याला रिक्षा चालवतो. दिवसभर पॅसेंजरशी बोलून घरी आला की त्याच्याकडे शब्दच उरत नाहीत. आणि आमची एकच पोरगी, प्रज्ञा. ती गोळा फेकायची.

हो, गोळाच. चार किलोचा लोखंडी. कॉलेजात असताना जिल्ह्यात दुसरी आली होती. बारीक-नाजूक नव्हती माझी पोरगी, खांदे असे की टेलर दोनदा माप घ्यायचा. किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत सकाळी ती गोळा मानेला टेकवून उभी राहायची आणि असा फेकायची की शेळ्या चारणाऱ्या बायका थांबून बघायच्या. पोलीस भरतीत मागच्या खेपेला दोन मार्कांनी राहिली. यंदा गोळ्यात पूर्ण मार्क घेणार म्हणजे घेणार, असं तिनं मलाच धमकावल्यासारखं सांगितलं होतं.

भरतीच्या ग्राउंडला, म्हणजे मैदानी परीक्षेला, चार महिने होते तेव्हा धुळ्याहून येताना हायवेच्या कडेला वाळूवर तिची स्कूटी घसरली. उजव्या हातावर पडली. दोन माणसांनी घरी आणली तर कोपर जागेवर नव्हतं, हाड मागे निघालेलं डोळ्यांनी दिसत होतं. मी पदर खोचून खाली बसले. बसवलं असतं मी, एका झटक्यात. पण गुलाब जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला.

"हात लावू नको! पोर मनी बी शे."

पोर त्याचीही होती; रिक्षात घालून त्यानं तिला धुळ्याला नेलं. डॉक्टर तरुण होते, पण माणूस नीट. भूल देऊन कोपर बसवलं, तीन आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढलं त्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. हात हिचा हिनंच हलवायचा, दुखेल तिथं थांबायचं. शेकायचं नाही, ओढायचं नाही, तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, कालचं पोर तू, तुझ्या आईला बाळंतपणात कुणी चोळलं ते विचार जा आधी.

आता खरं सांगते. नुसती घमेंड नव्हती ती. प्लास्टरमधून निघालेला हात बघितला तर काडीसारखा झालेला. तो पूर्ण वाकेना, पूर्ण उघडेना. ग्राउंडला तीन महिने आणि काही दिवस. पोरगी कॅलेंडरकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची. घरात गुणाचा हात असताना पोरीचा हात असाच ठेवायचा? कोणती आई ठेवेल?

दुसऱ्या दिवसापासून लागले. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवायचा, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवायची. गुलाब रिक्षा घेऊन गेला की सकाळी एकदा, तो यायच्या आत संध्याकाळी एकदा. आधी दंड रगडायचा, मग कोपर मांडीवर घेऊन वाकवायचं. प्रज्ञा ओठ चावायची. पाचव्या-सहाव्या दिवशी ती म्हणाली, "माय, डॉक्टरनी चोळाले नही सांगेल शे."

"तुना डॉक्टरनी तुले जनम दिधा का मी?"

त्यावर तिनं हात पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. ती भांडली असती तर मी थांबले असते का? नसते. पण ती भांडली नाही, हे मला अजून टोचतं.

हात सुधारेना. उलट कोपराच्या वर, दंडाच्या पुढच्या बाजूला सूज आली. हात लावला तर गरम. मी म्हटलं, रक्त साकळलंय, ते मोडायला पाहिजे. अंगठा रोवून मोडायला लागले. दोन आठवड्यांत तिथं एक कडक गाठ हाताला लागायला लागली. लिंबाएवढी. प्रज्ञानं ती स्वतः चाचपली आणि हसली.

"बघ माय, गोळा फेकायचा होता, तो दंडात येऊन बसला."

मीपण हसले. असली मी बाई.

महिना झाला तसं तपासायला जायचं होतं. गुलाबनं रिक्षातून नेलं. आधी एक्स-रे काढायचा म्हणून प्रज्ञा आत गेली. एक्स-रे काढणारा प्रेमराज म्हणून मुलगा आमच्या ओळखीतला निघाला, त्याच्या आजीची कंबर मी चोळली होती. त्यानं फोटो काचेवर धरला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, आठे हाड तयार व्हई राहिनं."

हाड तयार होतंय! तुम्हीच सांगा, हात मोडलेल्या पोरीच्या आईनं याचा काय अर्थ घ्यायचा? मोडलेलं हाड धरतं, भरून येतं, तयार होतं, असंच आम्ही आयुष्यभर म्हणत आलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी त्या प्रेमराजच्या गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. त्याला वाटलं असेल, बाई येडी आहे. तो पुढे म्हणत होता की डॉक्टरांना दाखवा, तेच नीट सांगतील. पण डॉक्टर एका मोठ्या ऑपरेशनला गेलेले, सोमवारी या म्हणाले. तो शुक्रवार होता.

ते तीन दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. शनिवारी मी खापर चुलीवर चढवलं आणि मांडे केले. हातावर हा एवढा मोठा मांडा फिरवला, शेजारपाजारच्या बायका आल्या, विहारासमोरच्या म्हाताऱ्यांना पाठवले. सगळ्यांना सांगितलं, पोरीचं हाड तयार होतंय, माझ्या हातानं होतंय. आणि होतंयच तर जोर धरू दे म्हणून त्या तीन दिवसांत दोनाचं तीन वेळा केलं. रविवारी दुपारी मी कोपर इतकं दाबलं की प्रज्ञा पहिल्यांदा ओरडली, "दुखस व माय, बस कर!"

"बठ्ठं बरं व्हई जाई," मी म्हटलं, आणि अजून थोडं दाबलं.

सोमवारी डॉक्टरांनी तो फोटो दिव्यावर लावला, जवळ जाऊन बघितला. मग पेनानं दाखवलं. कोपराची हाडं जागेवर होती, पण त्यांच्या पुढं, जिथं नुसतं मांस असायला पाहिजे, तिथं पांढरं ढगासारखं काहीतरी होतं.

"हे हाड आहे," ते म्हणाले. "मांसात तयार होतंय."

मी म्हटलं, "मग चांगलं ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, तेच वाईट. हळू समजावून सांगितलं. मार लागलेल्या मांसात रक्त साठतं. ते गप पडू दिलं तर बहुतेक वेळा विरून जातं. त्याला रोज रगडलं, ताणलं, तर कधी कधी शरीराचा गोंधळ होतो आणि मांसाच्या जागी हाड धरायला लागतं. गाठ साधी आहे, कॅन्सर-बिन्सर काही नाही, जिवाला धोका नाही. पण कोपर आता या हाडावर अडणार. ते पूर्ण पिकेपर्यंत त्याला हात लावता येत नाही, लवकर काढलं तर पुन्हा येतं. आठ-दहा महिने, कदाचित वर्ष थांबावं लागेल. त्याचं इंग्रजी नाव मोठं लांबलचक आहे, प्रज्ञाला पाठ आहे, मला नाही.

मग त्यांनी विचारलं, "हात कुणी चोळला?"

खोलीत पंखा फिरत होता. गुलाब माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रज्ञा म्हणाली, "कोणीच नाही, सर. मीच व्यायाम जास्त केला. दोरी लावून हात ओढायचे. ग्राउंड जवळ होतं."

मग डॉक्टर चिडले. म्हणाले, तुम्ही भरतीवाली मुलं ऐकतच नाही. एवढं समोर बसवून सांगितलं होतं, शिकलेली ना तू? स्वतःच्या हातानं स्वतःचा हात घालवलास. माझी पोरगी खाली मान घालून "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत राहिली. आणि मी? गावातल्या भल्याभल्यांना शिव्या घालणारी मी डब्याची पिशवी पोटाशी धरून मुकी उभी राहिले. थू माझ्या जिण्यावर.

रिक्षात मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुला बोलले असते ते."

"बोलू द्यायचं होतं."

"मला नसतं ऐकवलं," ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली. गुलाब पुढं रिक्षा चालवत होता. त्यानं सगळं ऐकलं, पण मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

ग्राउंडची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी प्रज्ञानं सकाळी उठून अंगण झाडलं, डाव्या हातानं. कोपर काटकोनाच्या जरा अलीकडे-पलीकडे अडून बसलं होतं. एवढ्या वाकण्यानं हात तोंडाशी येत नाही. केसांपर्यंत जात नाही. घास डाव्या हातानं, वेणी मी घालायची. तेवीस वर्षांची घोडी, आणि वेणीला आईपुढं पाठ करून बसायची. वेणी घालताना माझी बोटं तिच्या मानेला लागायची. तिथं ती गोळा टेकवायची. माझा जीव गोळा व्हायचा, पण मी फणी चालवत राहायची, दुसरं काय करणार?

लोकांची अंगं चोळणंही मी बंद केलं. गावातल्या बायका लेकरं घेऊन आल्या. मी म्हटलं, माझ्या बोटांना वात धरलाय. खरं कारण सांगायची लाज वाटली. एका बाईनं फारच गळ घातली तेव्हा मी तिच्यावर खेकसले, ती रडत गेली. नंतर मला वाटलं, तिला जाऊन सांगावं की बाई, बाळाला चोळणं वेगळं, तुझं बाळ काही बिघडलं नसतं. गेले नाही.

प्रज्ञानं स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरमध्ये काम धरलं. दिवसभर पोरापोरींचे फॉर्म भरायचे. त्यात भरतीचेही. डाव्या हातानं टाइप करायला शिकली. दुपारी मी डबा घेऊन गेले की एखादी पोरगी तिला विचारत असायची, ताई, गोळ्याला किती मार्क असतात? ती न अडखळता सांगायची. किती मीटरला किती, सगळं तोंडपाठ.

तेरा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता हाड पिकलंय, काढू. आम्ही ॲडमिट झालो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ते वॉर्डात आले, कागद बघितले आणि गुलाबला सांगायला लागले.

"खरं तर असं ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पेशंटनं हात स्वतः हळूहळू हलवायचा असतो. नाही हलवला तर सांधा पुन्हा धरतो. पण हिच्यावर माझा भरवसा नाही. मागं हिनं दोऱ्या बांधून ओढलाय. पुन्हा ओढला तर पुन्हा हाड येईल. म्हणून मी दोन-तीन आठवडे हात बांधूनच ठेवतो. थोडा कडक राहील, पण निदान हाड तरी येणार नाही."

मी प्रज्ञाकडे बघितलं. तेरा महिने थांबलेली पोरगी, आणि माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून आता तिचा हात बांधून ठेवणार. आणि ती तेही करू देणार होती. चादरीची कड बोटाला गुंडाळत बसली होती नुसती.

"साहेब," मी म्हटलं. "तिनं काही नाही केलं. मी चोळलं. रोज दोनदा. शेवटी तीनदा. तुम्ही नको म्हणालात, ती नको म्हणाली, तरी चोळलं. ती खोटं बोलली माझ्यासाठी. तिचा हात बांधू नका. तुम्ही सांगाल तेवढंच करते ती, पहिल्यापासून तेवढंच करते."

"माय!" प्रज्ञा केवढ्यानं ओरडली. तेरा महिन्यांत तिनं माझ्यावर आवाज चढवला तो तेवढाच, तोही मी खरं बोलले म्हणून.

वॉर्डातल्या चार खाटांवरचे लोक बघत होते. बघू देत. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, की आता तरी बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"मावशी, तुम्ही चोळलं नसतं तरी कदाचित झालं असतं," ते म्हणाले. "एखाद्याला तसंही होतं. आता सांगता येत नाही."

माझ्यावर दया करून म्हणाले, मला कळतं. पण तेव्हापासून ते "सांगता येत नाही" माझ्या डोक्यात फिरतंय. मीच केलं असं तरी नक्की सांगा, म्हणजे एकदा काय ते रडून घेते. नाही केलं असं तरी सांगा. कुणीच सांगत नाही.

जाता जाता ते थांबले. "ठीक आहे. बांधत नाही हात. हिचा हात हीच हलवेल. पण तुमचा हात त्या हाताला लागता कामा नये. एक बोटसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

ऑपरेशन नीट झालं. हाडाचा तुकडा बाटलीत घालून दाखवला. अंगठ्याएवढा, खडबडीत. गुलाबनं बघितला, मी नाही बघू शकले. डॉक्टर म्हणाले, टेबलावर कोपर चांगलं वाकलं, तोंडापर्यंत हात आला. त्यातलं किती टिकतं ते हिच्या मेहनतीवर. मानेपर्यंत येईल का, ते कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं हात हलवायला घेतला. सिस्टर शेजारी उभी. प्रज्ञा जरा वाकवायची, थांबायची, घामानं निथळायची, पुन्हा जरा वाकवायची. मी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात पदरात गुंडाळून. सिस्टर गेली. प्रज्ञा उशीवर पडली. डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. उजवा असा, डाव्याला सलाईन.

"माय," ती म्हणाली.

"काय, राणी?"

"खूप ठणकतंय गं. चोळू नको. नुसता हात ठेव दंडावर."

अशी ती लहानपणी ताप आला की म्हणायची. मी उठले. पदरातून हात काढला, तिच्या दंडापर्यंत नेला. आणि मला माझी बोटं ठाऊक आहेत. बावीस वर्षांत त्यांना नुसतं ठेवणं माहीत नाही. दुखरी जागा सापडली की ती आपोआप चालायला लागतात, अंगठा आपोआप रुततो. माझ्या मनात नसलं तरी.

मी पदरानं तिचे डोळे पुसले, मग मागे सरकले. खाटेच्या पायथ्याशी बसून तिच्या पावलावर हात ठेवला, चादरीवरूनच. पाऊल गार होतं.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग डोळे मिटूनच म्हणाली, "तठे नही दुखस, माय."